बीबी का मकबरा पाहायला जाताय? गाडीत बसायच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

दरवर्षी सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की आमच्या गावातून एक गाडी निघते. गाव मेहकर तालुक्यातलं, नाव सांगून उपयोग नाही, एसटी पण दिवसातून दोनदाच येते. एक दिवस जायचं, रात्री उशिरा परत, कारण दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला बाया लागतात. सिंदखेडराजा, मग जालन्यावरून संभाजीनगर, बीबी का मकबरा, जमलं तर देवगिरी. गाडी ठरवायचं काम माझ्याकडं असल्यानं प्रश्न पण माझ्याचकडं येतात, तेच तेच, फोनवर, पारावर, पीठगिरणीवर. एकदाचं लिहून टाकतो म्हंजे पुढच्या साली हे वाचा म्हणता येईल.

मकबरा म्हंजे काय? तिथं देव आहे का?

देव नाही. नारळ, अगरबत्ती घरी ठेवा. मकबरा म्हणजे कबरीवर उभारलेली इमारत, आपल्याकडं समाधीवर छत्री बांधतात तसं समजा, फक्त लय मोठी. इथं कबर आहे दिलरास बानू बेगमची, औरंगजेबाची बायको, शाहनवाज खान सफवीची मुलगी. १६५७ च्या ऑक्टोबरात ती औरंगाबादेतच वारली. पाचवं बाळंतपण झालं आणि महिनाभरातच गेली. राबिया-उद-दौरानी हे नाव तिला मेल्यावर दिलेलं, म्हणून बोर्डावर एक नाव आणि गाईडच्या तोंडात दुसरं आलं तर गोंधळू नका, बाई एकच.

औरंगजेबाच्या बायकोची कबर आपण काहून पाहायची?

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि जरा आवाज चढवूनच विचारतं. माझं म्हणणं साधं आहे. आपण तिथं कोणापुढं मान झुकवायला जात नाही, काम पाहायला जातो. मुख्य दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत, एक अता-उल्लाह, नकाशा काढणारा, आणि दुसरा हंसपत राय, तो इंजिनिअर. बादशहाच्या घरच्या कामावर इंजिनिअरचं नाव दरवाजात कोरतात ही गोष्ट मला तरी मोठी वाटते, आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीवर उद्घाटन करणाऱ्यांची अकरा नावं आहेत आणि बांधणाऱ्याचं एकही नाही. आणि दुसरं, आपली गाडी आधी सिंदखेडराजात जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराजांच्या समाधीपाशी थांबते, मग पुढं जाते. ज्याला मकबऱ्यात यायचं नाही त्यानं गाडीत बसावं, आजवर एकच जण बसला, तो पण अर्ध्या तासात कंटाळून आत आला.

बांधला कोणी, नवऱ्यानं का पोरानं?

बहुतेक ठिकाणी ऐकाल की आजमशहानं आईसाठी बांधला. ऐकायला गोड आहे, आजोबानं बायकोसाठी ताज बांधला, नातवानं आईसाठी मकबरा. पण जरा बोटं मोडून हिशोब करा. आजमशहाचा जन्म १६५३ चा, आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, आणि काम पूर्ण झालं १६६०-६१ च्या सुमारास म्हंजे तेव्हा सात-आठ वर्षांचा. आपल्याकडं त्या वयाचं पोरगं दुकानातून साखर आणायला पाठवलं तर चॉकलेट घेऊन येतं. तेव्हा सुरुवातीचा हुकूम आणि पैसा औरंगजेबाचाच असणार, पोराचं नाव पुढं जोडलं गेलं असं मला पटतं. काही बोर्डांवर, पुस्तकांत बांधकामाचा काळ १६५१ पासून लिहिलेला दिसतो, बाई जिवंत असताना तिची कबर कशी सुरू झाली हे गाईडला विचारून पाहा, मजा येते.

ही ताजमहालची नकल आहे ना? "गरिबाचा ताज"?

नकल म्हणून पाहायला गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल आणि म्हणाल, हं, छोटा आहे. मी पण पहिल्यांदा असाच आलो होतो. सातवीत होतो, शाळेची सहल होती, सरांनी सांगितलं हा नकली ताज आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन बर्फाचा गोळा खाल्ला.

नातं आहे हे खरं. अता-उल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि ताजचा मुख्य नकाशाकार म्हणून अहमद लाहोरीचंच नाव घेतात. म्हंजे बापानं आग्र्याचं काम केलं, पोरानं इथलं. ती एक गोष्ट सांगतात ना, ताज झाल्यावर कारागिरांचे हात तोडले म्हणून, ती कोणी गाडीत सुरू केली की मी एवढंच विचारतो, मग पोराला धंदा शिकवला कोणी?

पण दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. ताजला साधारण ३ कोटी २० लाख रुपये लागले असं सांगतात. मकबऱ्याचा आकडा जुन्या लिखाणात पार आण्यापर्यंत दिलाय, ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. जेमतेम पन्नासावा हिस्सा. आता मला सांगा, तुमच्या भावानं पन्नास लाखाचं घर बांधलं आणि तुमच्या हातात एकच लाख आहे आणि घर त्याच तोंडवळ्याचं पाहिजे, तर तुम्ही काय कराल? जिथं लोकांची नजर आधी जाते तिथं भारी माल लावाल आणि बाकी गवंड्याच्या हातावर सोडाल. तेच केलंय इथं. आणि गवंड्यानं जे केलंय ते पाहायला आपण जातोय.

प्रमाणात मात्र ताजसारखं बसलेलं नाही हे मान्य करायला पाहिजे. चार कोपऱ्यांचे मिनार इमारतीच्या मानानं जड वाटतात, जवळ वाटतात, मधला घुमट त्यांच्यात जरा आवळल्यासारखा दिसतो. दुरून, दरवाजातून पाहिलं की सगळं वर ओढल्यासारखं, उभट. काहींना ते आवडत नाही. मला आता आवडायला लागलंय, पण ते दहा-बारा वेळा पाहिल्यामुळं असेल.

मग आत गेल्यावर नेमकं पाहायचं काय?

माझा बाप गवंडी होता. चुन्यात काम केलेल्या शेवटच्या लोकांपैकी, नंतर सगळं सिमेंटच आलं. त्याला एकदा घेऊन गेलो होतो, २०११ च्या दिवाळीनंतर. लोक घुमटाकडं पाहत फोटो काढत होते आणि हा गडी भिंतीला चिकटून उभा, नाक भिंतीपासून वीतभर. मी म्हटलं बाबा चला, वर जाऊ. तो म्हणे, "थांब बे, इथं सांधा हाय."

तर तो सांधा शोधा, हे माझं पहिलं सांगणं. खालून काही उंचीपर्यंत भिंतीला खरा संगमरवर लावलाय, राजस्थानातून आणलेला. तो एका पट्ट्याला संपतो. तिथून वर घुमटाच्या बुडापर्यंत आत आहे आपला काळा दगड, बेसाल्ट, तोच जो आपल्या विहिरी खोदताना सुरुंग लावून फोडावा लागतो, आणि त्याच्यावर चुन्याचा गिलावा, घोटून घोटून संगमरवरासारखा चकचकीत केलेला. आणि घुमट परत संगमरवराचा. म्हंजे खाली हाताशी भारी माल, वर डोक्यावर भारी माल, मध्ये सगळी गवंड्याची कमाल. एकदा हे कळलं की इमारत वेगळीच दिसायला लागते.

बापानं बोटाच्या पेरानं आधी खाली ठोकून पाहिलं आणि मग वर. संगमरवराचा आवाज बंद, टक् असा, आणि गिलाव्याचा जरा खोल. लगेच चौकीदार ओरडला. बरोबरच होतं त्याचं, हजारो लोक रोज ठोकत बसले तर राहायचं काय. तुम्ही ठोकू नका, डोळ्यानं पाहा. संगमरवरात शिरा असतात, दगडातनं आलेल्या, वेड्यावाकड्या. गिलावा जिथं जुना झालाय तिथं बारीक जाळीसारख्या चिरा पडतात, अंड्याचं कवच टिचल्यावर दिसतात तशा. काही ठिकाणी पोपडा निघालाय, पावसाची काळी ओघळ आलीय. लोक म्हणतात किती घाण झालंय, पण तेवढ्याच जागी तुम्हाला आतलं काम दिसतं.

चुन्याचा गिलावा एवढा काय विशेष? आमच्या घराला पण प्लास्टर आहे.

आहे ना, आणि पाच वर्षांत फुगलेलं पण आहे. बाबा सांगायचा त्याप्रमाणं थोडक्यात सांगतो. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात टाकला की उकळल्यासारखा फसफसतो, त्याला चुना विझवणं म्हणतात, आणि तो विझलेला चुना जितका जास्त दिवस मुरेल तितका चांगला. मग घाणीत वाळूबरोबर मळायचा, बैल गोल गोल फिरतो आणि दगडी चाक खाली रगडतं. त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, कुठं ताग, ज्याची त्याची पद्धत. एकावर एक थर देत जायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बारीक, आणि शेवटचा तर लोण्यासारखा, तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्यानं घोटत बसायचं. घाई करणाऱ्याचा हात लगेच दिसतो.

आणि खरी गंमत पुढं. चुना वाळत नाही नुसता, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू परत चुनखडीचा दगड होतो. म्हंजे भट्टीत जो दगड मोडला तोच भिंतीवर पुन्हा जमला. वरून तो श्वास घेतो, भिंतीत ओल गेली तर बाहेर पडू देतो. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि मग आतून फोडतं. म्हणून जुन्या इमारतीची डागडुजी सिमेंटनं केली की नुकसान जास्त होतं, आमच्या गावच्या गढीच्या दरवाजाचं तसंच झालं, चांगल्या मनानं कोणीतरी दोन पोती सिमेंट थापलं आणि चौथ्या पावसाळ्यात दगडासकट खाली.

त्या गिलाव्यात मकबऱ्यावर नुसता सपाटपणा नाही, उठावाची वेलबुट्टी आहे, फुलं, पानं, महिरपी. त्याला घाईचा हात चालत नाही. दुपारी उन्हं तिरपी झाली की नक्षीच्या सावल्या पडतात आणि सपाट वाटणारी भिंत एकदम जागी होते. बारा वाजता गेलात तर नुसतं पांढरं दिसेल आणि डोळे दुखतील.

तो संगमरवर आणला कसा एवढ्या लांबून?

बैलगाडीनं. ताव्हर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या तेव्हा सुरतेहून गोवळकोंड्याला चालला होता, त्यानं वाटेत संगमरवर भरलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या पाहिल्याचं लिहून ठेवलंय आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला पण कमीत कमी बारा बैल जुंपलेले. बारा! आमच्या गावच्या पोळ्यात आता तोरणाखाली मोजून नऊ जोड्या उभ्या राहतात, म्हंजे अख्खा पोळा जुंपला तरी तशा दोन गाड्या पण होत नाहीत.

कबर उघडी का आहे? वर काहीच नाही?

आत गेल्यावर सगळे इथंच थबकतात. तुम्ही ज्या मजल्यावर उभे राहता त्याच्या मधोमध अष्टकोनी मोकळी जागा आहे, भोवती संगमरवरी कठडा, आणि कबर खाली, जमिनीच्या पातळीच्या पण खाली. तिच्याभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी. आपण वरून वाकून पाहायचं. वर मान केली तर थेट घुमटाचा पोकळ पोटाळा. लोक वरून नाणी टाकतात, काहून टाकतात कोणाला विचारू नका, विहीर दिसली की नाणं टाकायची सवय असेल.

एका वर्षी आमच्या गल्लीतली एक म्हातारी आली होती, वय पंच्याहत्तरच्या पुढं. ती कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "कायनं गेली व ही?" मी सांगितलं बाळंतपणानंतर. "अन् ते आग्र्याची?" म्हटलं ती पण, चौदावं होतं. म्हातारी काही बोलली नाही. जाताना पदराची गाठ सोडून एक रुपया काढला आणि सगळ्यांसारखा फेकला नाही, कठड्याच्या जाळीतून हळूच खाली सोडला. घरी आल्यावर तिच्या सुनेकडून कळलं की तिची पहिली पोरगी पण अशीच गेली होती.

आणि हो, मुमताज आग्र्यात गेलीच नव्हती. ती १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात गेली, आपल्या जळगाव जामोदच्या पलीकडं, आणि आधी तिथंच तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत पुरली होती, नंतर आग्र्याला नेली. म्हंजे ताजची गोष्ट वऱ्हाडाच्या शेजारी सुरू होते, आपल्याला शाळेत हे कोणी सांगत नाही.

घुमट पडत कसा नाही? खाली खांब तर नाही.

पोरं विचारतात आणि मोठ्यांना पण माहीत नसतं. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, मधला चावीचा दगड बसला की सगळे एकमेकांवर रेलतात. रोटी भाजताना एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या गोवऱ्या आठवा. घुमट म्हणजे हीच कमान गोल फिरवलेली. वजन सरळ खाली येत नाही, बाहेरच्या बाजूला रेटतं, म्हणून खालच्या भिंती एवढ्या जाड कराव्या लागतात. आणि चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपरे कापत चौकोनाचा अष्टकोन करतात आणि अष्टकोनाचा गोल. कुठल्याही घुमटाखाली उभं राहिलात की कोपऱ्यात वर पाहायची सवय लावा, खरी कसरत तिथं असते.

एका बाजूला मशीद आहे, समोर दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चुकलं का?

चांगलं निरीक्षण आहे, दहातला एक पाहतो. मशीद मूळच्या कामातली नाही, हैदराबादच्या निजामाच्या काळात पश्चिमेला बांधली आणि तिच्यामुळं त्या बाजूचा रस्ता बंद झाला. आता पायऱ्या तीनच बाजूंनी. बाकी सगळा परिसर मापात आहे, साधारण ४५८ बाय २७५ मीटरचा आयत, दक्षिणेला मोठा दरवाजा, बाकीच्या तीन भिंतींच्या मध्यावर एकेक बैठक. मधली बाग चारबाग पद्धतीची, चार चौक आणि मधून पाणी. दरवाजाचं लाकूड पितळी पत्र्यानं मढवलंय, त्याच्यावरची पानं-फुलं बघायला थांबा, सगळे तिथून पळत आत जातात.

सिंदखेडराजाला थांबायची काय गरज? ते तर आपलंच आहे.

आपलंच आहे म्हणूनच कोणी पाहत नाही! १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला लाखो लोक येतात, राजवाड्यात दर्शन घेतात आणि परत जातात. लखुजीराजे जाधवांची समाधी तिथून जवळच आहे, हिंदू राजांच्या समाध्यांमधली फार मोठी समाधी, आणि एरवीच्या दिवशी तिथं दोन शेळ्या आणि आपण. भक्कम दगडी काम, वर घुमट, कमानी. कोणाला वाटतं घुमट म्हंजे मुसलमानीच, त्यानं इथं उभं राहून पाहावं. त्या काळी दख्खनमध्ये कारागीर तेच, चुना तोच, आदिलशाही-निजामशाहीत जी पद्धत चालायची तीच मराठा सरदारांनी आपल्या समाध्यांना वापरली.

लखुजीराजांना १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात दग्यानं मारलं, सोबत अचलोजी, राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव. एका दिवशी एका घरातले चौघं. त्याच देवगिरीवरून आपण संध्याकाळी जाणार असतो, मकबऱ्यापासून तासाभराच्या आतलं अंतर. सकाळी समाधी पाहिलेली असली की तो किल्ला नुसता "चढायला अवघड किल्ला" राहत नाही.

आणि २०२४ ची गोष्ट माहीत आहे का? याच समाधीच्या दुरुस्तीचं काम पुरातत्व खात्यानं काढलं होतं, तेव्हा जमिनीत काही दगड दिसले, खोदत गेले तर जुन्या मंदिराचा पाया लागला, आणि आणखी खाली शेषशायी विष्णूची मूर्ती, १.७ मीटर लांब आणि एक मीटर उंच, पायाशी लक्ष्मी, मागं समुद्रमंथन कोरलेलं. शेकडो वर्षं लोक वरून चालत होते.

आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे, आम्हाला तर हे लय लांब पडते.

मग कशाला येता एवढ्या लांब! तुमच्याकडं चंद्रपुरात गोंडराजांची समाधी आहे ना, अंचलेश्वर दरवाजाजवळ, मंदिराला लागून. राणी हिराईनं नवरा बीरशहासाठी बांधली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेलं सगळ्यांना माहीत असतं, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेलं विदर्भातच आहे आणि त्याच राणीनं नंतर राज्य पण चालवलं. सोबत चंद्रपूरचा परकोट पाहून घ्या, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे, आणि त्यांच्यावरचं हत्तीवर चढलेल्या सिंहाचं गोंड राजांचं चिन्ह शोधा. पोरांना शोधायला लावा, गप्प बसतात.

तिकीट किती?

मकबऱ्याला २५ रुपये, मोबाईलवरून काढलं तर २०. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा कारण आपली पोरं उंच असतात आणि तिकीटवाला ऐकत नाही. आठवड्यात कुठल्याही दिवशी चालतं. पण वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी, जोडून जायचं असेल तर वार पाहूनच निघा, आम्ही एकदा मंगळवारी निघालो होतो, पुढं काय झालं ते सांगत नाही.

एसटीनं गेलेलं बरं का खासगी गाडीनं?

पाच-सहा जण असाल तर एसटी. बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या वरच्यांना फुकट, म्हातारा-म्हातारी जोडीनं जात असतील तर यापेक्षा स्वस्त काही नाही. शाळेची सहल असेल तर डेपोत आधी अर्ज करा, सवलत मिळते. पंधराच्या वर असाल तर गाडी ठरवा, पण ठरवतानाच सांगा की दुकानात थांबायचं नाही. एका साली आमच्या ड्रायव्हरनं न विचारता गाडी एका शालीच्या दुकानासमोर लावली, "पाच मिनिटं पाहून घ्या," आणि दीड तास गेला, बायांनी हिमरू म्हणून काहीतरी घेतलं, पहिल्या धुण्यात रंग गेला आणि आम्ही देवगिरीला पोचलो तेव्हा दरवाजा बंद. त्याचं कमिशन झालं, आमचं देवगिरी गेलं.

गाईड घ्यायचा का?

पंधरा-वीस जण असाल तर घ्या, माणशी फार पडत नाही. फक्त त्याला आधीच सांगा, भुताखेताच्या गोष्टी नको, दरवाजावरचं नाव दाखव आणि संगमरवर कुठं संपतो ते दाखव. जो दाखवतो तो चांगला गाईड. जो म्हणतो "सगळाच मार्बल आहे साहेब" त्याला नमस्कार करा.

डबा आत नेता येते का?

बागेत बसून जेवू देत नाहीत. आम्ही भाकर, ठेचा, आलू-वांग्याची भाजी गाडीतच ठेवतो आणि बाहेर झाडाखाली बसतो. पाणी भरपूर घ्या.

फोटोचं काय?

मोबाईल चालतो. ड्रोन अजिबात नाही, गावातल्या हौशी पोरांनी विशेष वाचावं. कारंज्याच्या पाण्यात पडलेलं प्रतिबिंब सगळेच काढतात, पण पाणी असलं तर. एक फोटो त्या सांध्याचा काढा, संगमरवर आणि गिलावा एकाच फ्रेममध्ये. माझ्या फोनवर बापाचा तसा एक आहे, अर्धा चेहरा कापलेला, बोट भिंतीकडं.

गुडघे दुखतात, पायऱ्या झेपतील का?

मकबऱ्याच्या झेपतात, कठडा धरून हळू चढा. दरवाजापासून इमारतीपर्यंत चालणं मात्र बरंच आहे आणि उन्हात फरशी तापते. वर जाताना चपला काढाव्या लागतात तेव्हा मोजे घाला, हसले तर हसू द्या. देवगिरी गुडघेवाल्यांनी खालूनच पाहावा.

किती वेळ द्यायचा?

गाडीवाला पाऊण तास म्हणेल. दोन तास घ्या, आणि त्यातला शेवटचा अर्धा तास उन्हं तिरपी झाल्यावरचा पाहिजे.

यंदा गाडी कधी निघते?

हरभऱ्याचं पहिलं पाणी झालं की तारीख टाकतो. मारुतीच्या पारापासून पहाटे साडेचारला, पाचला नाही, साडेचारला. पुढची सीट म्हातारीची, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, "यंदा मले परत न्यायजो, मागल्या खेपी वरतं पाह्यलंच नाई म्या."